सत्तेची वांटणी आणि गांवची वही

बियाणें, खतें, कीड व बाजारभाव हे विषय या मासिकांत नेहमींच येतात. आज आम्ही जो विषय वाचकांपुढें मांडीत आहों, तो वरवर पाहतां शेतीबाहेरचा वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या नफ्यातोट्याशीं त्याचा संबंध खतापेक्षां कमी नाहीं. राज्यकारभारांत, धंद्यांत व गांवच्या सामाईक जीवनांत सत्ता एका ठिकाणीं साठवावी कीं ती खालपर्यंत वांटून द्यावी, हा तो विषय होय. विद्वान लोक या वांटणीस विकेंद्रीकरण म्हणतात. शब्द जड असला तरी गोष्ट शेतकऱ्यास नवी नाहीं. धरणांतील पाणी मुख्य कालव्यांतून वितरिकेंत, वितरिकेंतून चारींत व चारींतून शेतांत येतें. धरण भरलें म्हणजे शेत भिजलें असें होत नाहीं. मध्यें प्रत्येक दारावर तें उघडणारा माणूस लागतो, आणि किती पाणी गेलें हें मोजणाराही लागतो. सत्तेचेंही तसेंच आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सत्तेच्या वांटणीस तीन अंगें आहेत: निर्णय, पैसा व हिशेब. निर्णय करण्याचा अधिकार आला आणि पैसा आला नाहीं, तर तो अधिकार कोरड्या विहिरीवरील मोटेसारखा होय. निर्णय व पैसा दोन्ही आले, पण हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर आला नाहीं, तर वरचा एक धनी जाऊन खालीं दुसरा धनी येतो, इतकेंच. हें तिसरें अंग आपण शेतकरी लोक विसरतों, आणि त्याविषयींच मुख्यतः लिहिण्याचा आमचा हेतु आहे.

कचेरींतील एक अनुभव

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. सत्ता एका ठिकाणीं साठली म्हणजे काय होतें, हें सांगण्यास आम्हांस पुस्तक उघडावें लागत नाहीं. एका गांवच्या ओढ्यावरील लहान बंधाऱ्याची बाजूची भिंत पुरांत फुटली. गांवकऱ्यांनीं अर्ज दिला. त्यांत त्यांनीं स्पष्ट लिहिलें होतें कीं, दगड व अंगमेहनत आम्ही देतों. सरकारांतून सिमेंट व परवानगी मिळावी. अर्ज आमच्या टेबलावर आला. गट नंबर लिहिलेला नाहीं, सबब परत, असा शेरा आम्हींच मारला. शेरा नियमास धरून होता. दुसऱ्या वेळीं गट नंबर आला, पण नकाशा नव्हता. तिसऱ्या वेळीं कागद वरच्या कचेरीकडे गेला. तेथून हें काम कोणत्या खात्याचें, असा प्रश्न विचारला गेला. मंजुरी हातीं पडेपर्यंत दोन पावसाळे होऊन गेले होते, आणि फुटलेल्या भिंतीजवळच्या दोन शेतकऱ्यांची काळी माती ओढ्यानें वाहून नेली होती.

या प्रकरणांत कोणीं लांच मागितली नाहीं, कोणीं हेतुपुरस्सर छळ केला नाहीं. प्रत्येकानें आपापला नियम पाळला. दोष होता तो असा कीं, ज्यांस भिंत डोळ्यांनीं दिसत होती त्यांस निर्णयाचा अधिकार नव्हता, आणि ज्यांस अधिकार होता त्यांनीं ती भिंत कधींच पाहिली नव्हती. शेरा लिहिणारा हात आमचा होता, ही गोष्ट आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

फडाची रीत

आतां याच्या उलट उदाहरण पाहूं. धुळें व नाशिक या जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम इत्यादि नद्यांवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. ही पद्धति कित्येक शतकांची आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढतात. त्या पाटाखालीं भिजणाऱ्या एकंदर जमिनीस थळ म्हणतात. थळाचे बहुधा तीन-चार मोठे भाग करतात, तेच फड. एका हंगामांत एका फडांत एकच पीक घ्यावयाचें. एकांत ऊंस असला तर दुसऱ्यांत भुसार, आणि पुढें पाळीपाळीनें बदल करावयाचा, अशी रीत असे.

या रचनेंतील मर्म असें कीं, बागाइतदारांच्या जमिनी शक्यतों प्रत्येक फडांत असत. ज्या वर्षीं नदीस पाणी कमी, त्या वर्षीं कोणता फड भिजवावयाचा व कोणता कोरडा ठेवावयाचा हें पंच ठरवीत. एक फड कोरडा राहिला म्हणजे त्यांत प्रत्येकाचा थोडा थोडा तुकडा कोरडा राही. त्यामुळें तूट एकट्यादुकट्याच्या माथीं न बसतां सर्वांत वांटली जाई. पंचाची स्वतःची जमीनही त्याच फडांत असल्यामुळें त्यास पक्षपात करण्यास जागा थोडी राही. पाणी सोडण्याचें काम पाटकऱ्याचें. शेतकऱ्यानें स्वतः बारें फोडावयाचें नाहीं. पिकांची राखण जागल्या करी, व या सर्वांवर देखरेख हवालदाराची असे. या चाकरांस मोबदला बागाइतदार आपल्या क्षेत्राच्या मानानें देत, आणि हंगामापूर्वीं पाटांतील गाळ काढण्याचें कामही त्याच मानानें वांटून घेत.

येथें आम्हीं सांगितलेलीं तीन्ही अंगें एकत्र दिसतात. निर्णय पंचांचा, खर्च बागाइतदारांचा, आणि हिशेब तर उघड्या रानांत मांडलेला. कोणता फड भिजला हें पाहण्यास वहीची गरज नव्हती. बांधावर उभें राहिलें म्हणजे पुरे. पुढें नदीच्या वरच्या अंगास धरणें झालीं, घरोघर विहिरी व पंप आले, आणि पुष्कळ ठिकाणीं ही शिस्त ढिली पडली. ज्याची स्वतःची विहीर झाली, त्यास सामाईक पाटाची काळजी उरली नाहीं. पद्धति मोडण्यास परकीय शत्रु लागला नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

जुनें गांव सर्वांचें होतें काय?

फडाचें वर्णन वाचून कोणी म्हणेल कीं, जुनी गांवकी परत आणली म्हणजे झालें. तसें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पेशवाई गेल्यानंतर एल्फिन्स्टनसाहेबानें इ. स. १८१९ च्या आपल्या अहवालांत येथील गांवांच्या स्वयंपूर्ण कारभाराची नोंद केली आहे. परंतु त्या कारभारांत बोलावयास कोणास मिळत असे? पाटील, कुळकर्णी व मिरासदार बोलत. वेशीबाहेरच्यांस व स्त्रियांस तेथें स्थान नव्हतें. ता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितीपुढें राज्यघटनेचा मसुदा मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं गांवगाड्याच्या स्तुतीवर कडक टीका केली, व घटनेचा पाया गांव नसून व्यक्ति आहे याबद्दल समाधान व्यक्त केलें, तें याच कारणानें. ज्यांस गांवानें पिढ्यान्‌पिढ्या दाबलें, त्यांस दूरचा कायदा जवळच्या पंचांपेक्षां अधिक भरंवशाचा वाटला, तर त्यांत नवल तें काय?

म्हणून सत्ता खालीं आणणें म्हणजे ती गांवांतील बलवानांच्या हवालीं करणें नव्हे. वरचा कायदा छपरासारखा डोक्यावर असावा, आणि त्याखालीं घरांतील प्रत्येकास बोलतां यावें. छप्परच काढून टाकलें तर पहिला पाऊस दुबळ्याच्या अंगावर पडतो.

कायद्याची वाटचाल

सरकारी कायद्यानें ही वांटणी किती हळूहळू झाली तें पाहण्याजोगें आहे. मुंबई इलाख्यांत इ. स. १८६९ च्या कायद्यानें साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला. त्यांतील दोन हिस्से रस्ते वगैरे कामांस व एक हिस्सा शाळांस, अशी वांटणी होती. पैसा शेतकऱ्याचा, पण तो खर्च करणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष कलेक्टर. इ. स. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयींचा प्रसिद्ध ठराव झाला, व इ. स. १८८४ सालीं मुंबई इलाख्यांत लोकल बोर्डांचा कायदा आला. ग्रामपंचायतींचे कायदे इ. स. १९२० व १९३३ सालीं झाले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४० व्या कलमांत ग्रामपंचायती स्थापन करण्याचें तत्त्व घातलें गेलें. इ. स. १९५७ सालीं बलवंतराय मेहता समितीनें तीन पायऱ्यांची रचना सुचविली. महाराष्ट्रांत वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर इ. स. १९६१ चा कायदा झाला, आणि ता. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. शेवटीं घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती ता. २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली. तिनें ग्रामसभेस घटनेंत स्थान दिलें, दर पांच वर्षांनीं निवडणूक सक्तीची केली, अनुसूचित जातिजमातींस व स्त्रियांस राखीव जागा दिल्या, आणि पंचायतींकडे सोंपवितां येतील असे २९ विषय परिशिष्टांत नमूद केले. त्यांत शेती, लहान पाटबंधारे, पिण्याचें पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण हे सर्व आहेत. महाराष्ट्रानें पुढें स्त्रियांच्या जागा निम्म्या केल्या. डॉ. आंबेडकरांच्या आक्षेपास हें अंशतः उत्तर होय.

पैशाचेंही तसेंच. चौदाव्या वित्त आयोगानें इ. स. २०१५ ते २०२० या पांच वर्षांकरितां पंचायतींचा केंद्रीय वांटा सर्वस्वीं ग्रामपंचायतींस दिला. ती देशभराची रक्कम दोन लक्ष कोटी रुपयांच्या वर होती. पंधराव्या आयोगानें तो वांटा तिन्ही पायऱ्यांत विभागला, आणि इ. स. २०२१ ते २०२६ च्या अनुदानांपैकीं शेंकडा ६० भाग पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधून टाकला. बांधलेल्या पैशानें निर्णय कांहींसा वरच राहतो, ही तक्रार खरी आहे. तथापि एक आणा देऊन कलेक्टराच्या तोंडाकडे पाहणाऱ्या आमच्या पणज्यांच्या मानानें आजच्या शेतकऱ्याच्या हातीं पुष्कळ आलें आहे, हें नाकारतां येणार नाहीं.

धंद्यांतील वांटणी

धंद्यांतही हाच नियम लागू पडतो. गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील दूध गोळा करण्याची मक्तेदारी एका खासगी डेअरीस मिळाली होती. भाव तीच ठरवी. इ. स. १९४६ सालीं सरदार पटेल यांच्या सल्ल्यानें व त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकारानें आणंद येथें दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला. त्याच्या रचनेंत प्रत्येक काम त्याच्या योग्य पायरीवर ठेवलें आहे. दूध मोजणें, त्यांतील स्निग्धांश तपासणें व पैसे देणें हें काम गांवच्या सोसायटींत होतें. दुधावरील प्रक्रिया जिल्हा संघ करतो. देशभर विक्री राज्याचा महासंघ पाहतो. म्हणजे सर्वच गोष्टी खालीं आणावयाच्या असें नाहीं. लोणी दूरदेशीं विकणें हें एका गांवाचें काम नव्हे. पण माझें दूध किती भरलें, हें माझ्या डोळ्यांदेखत ठरलें पाहिजे. दोन शेर दूध घालणारी बाई मापाकडे पाहत उभी असते, तीच त्या साऱ्या संस्थेची पहिली हिशेबतपासनीस होय.

आपल्याकडे प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीनें व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें इ. स. १९५० सालीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्या वाटेनें राज्यांत अनेक कारखाने निघाले. ऊंस पिकविणाराच मालक, ही कल्पना थोर खरी. परंतु पुढील काळांत राज्यांतील कित्येक सहकारी कारखाने कर्जांत बुडाले व कांहींची विक्रीही झाली. त्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांतील एकाबद्दल मात्र सभासदांनीं आपल्या मनास विचारावें: वार्षिक सभेपूर्वीं छापलेला अहवाल किती जणांनीं वाचला? भाग घेतल्यानें माणूस कागदावर मालक होतो. ताळेबंद वाचल्यानें तो खरा मालक होतो.

वाघाडचें पाणी

आतां पुन्हां पाण्याकडे वळूं. नाशिक जिल्ह्यांत दिंडोरी तालुक्यांत वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याचें पाणी शेवटच्या टोंकास, ओझरकडील शेतांत, पुरेसें पोंचत नसे. टेलच्या शेतकऱ्याचें हें दुःख महाराष्ट्रांत कोणास समजावून सांगावयास नको. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या द्वारें बापू उपाध्ये व त्यांचे सहकारी यांनीं शेतकऱ्यांस एकत्र केलें, आणि इ. स. १९९१ च्या सुमारास तेथें पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्यानें संस्थेस पाणी मोजून द्यावें, संस्थेनें तें सभासदांत वांटावें, पट्टी गोळा करून सरकारांत भरावी, आणि कोणतें पीक घ्यावें तें शेतकऱ्यानें ठरवावें, असा हा व्यवहार. टोंकापासून सुरू झालेलें हें काम हळूहळू वर सरकत गेलें व साऱ्या लाभक्षेत्रांत अशा संस्था झाल्या. पुढें त्या सर्वांची मिळून प्रकल्पाची संस्था झाली व तिनें कालव्याचा कारभार आपल्याकडे घेतला.

अशाच अनुभवांवरून महाराष्ट्रानें इ. स. २००५ सालीं सिंचन पद्धतींचें शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. पाणी क्षेत्रावर नव्हे तर मापानें द्यावयाचें, आणि संस्थेच्या संचालकांत शिराकडील, मधले व टोंकाकडील अशा तिन्ही भागांच्या शेतकऱ्यांस स्थान द्यावयाचें, अशी त्यांत तरतूद आहे. ही दुसरी तरतूद आम्हांस फार मोलाची वाटते. फडांत जें काम विखुरलेल्या जमिनी करीत, तें येथें कायद्यानें केलें आहे: ज्यास पाणी शेवटीं मिळतें, त्याचा आवाज निर्णयाच्या जागीं आणून बसविला आहे. जेथें संस्था केवळ कागदोपत्रीं झाल्या, तेथें कायदा असूनही पाणी पूर्वींसारखेंच वरच्या दारीं अडतें. फरक मापाचा व तें माप पाहणाऱ्याचा आहे.

आपल्या गांवची वही

आतां आमच्या स्वतःच्या गांवची गोष्ट सांगतों व हा लेख आटोपतों. सेवानिवृत्त होऊन गांवीं राहावयास आल्यावर आम्ही पहिल्या ग्रामसभेस गेलों. वीस-पंचवीस माणसें होतीं. हजेरीच्या वहींत मात्र सह्या पुष्कळ अधिक होत्या. त्या घरोघर फिरून घेतल्या होत्या असें कळलें. जमाखर्च भरभर वाचला गेला, कोणीं प्रश्न विचारला नाहीं, व सभा संपली. पुढें आठवड्यानें आम्हीं रोकडवही व अंदाजपत्रक पाहण्यास मागितलें. ग्रामसेवकानें दोन्ही खळखळ न करतां दिलीं. तीं ताडून पाहतां दिसलें कीं, पाणीपुरवठ्याकरितां ठेवलेल्या रकमेंतील कांहीं भाग वर्षअखेरपर्यंत तसाच पडून होता. आणि त्याच उन्हाळ्यांत खालच्या वस्तीचा हातपंप पैसा नाहीं म्हणून बंद होता. तेथील बाया दोन महिने लांबून पाणी आणीत होत्या. पैसा कोणीं खाल्ला नव्हता. तो आहे हें कोणास ठाऊकच नव्हतें. ज्यांस हातपंप बंद असल्याचें दुःख होतें त्यांनीं वही पाहिली नव्हती, आणि ज्यांजवळ वही होती त्यांस त्या हातपंपाचें पाणी भरावयाचें नव्हतें.

आमच्या मनांत तत्काळ तो फुटका बंधारा उभा राहिला. कचेरी तालुक्यास असो वा चावडीशेजारीं असो. पाहणारा व ठरविणारा यांची गांठ पडली नाहीं, तर परिणाम एकच. गांवीं आलेली सत्ताही गांवापासून दूर असूं शकते, हा धडा आम्हांस त्या दिवशीं मिळाला. पुढच्या सभेंत खालच्या वस्तीच्या चार बाया आल्या व त्यांनीं ती रक्कम कोठें आहे असें विचारलें. पंधरा दिवसांत पंप सुरू झाला.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे कीं, पुढील चार गोष्टी वर्षभर करून पाहाव्या. पहिली, ग्रामसभेची नोटीस लागतांच तींतील विषय उतरून घ्यावे, आणि सभेस न जातां घरीं सही देऊं नये. दुसरी, ग्रामपंचायतीचे तीन नमुने ओळखून ठेवावे: नमुना १ हें अंदाजपत्रक, नमुना ५ ही रोकडवही, व नमुना ९ ही करमागणीची वही. अंदाजपत्रकांत काय योजलें व रोकडवहींत काय खर्चलें, हें समोरासमोर ठेवलें म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुचतात. तिसरी, आपल्याकडील घरपट्टी व पाणीपट्टी वेळेवर भरून पावती घ्यावी. ज्याची थकबाकी आहे त्याचा प्रश्न सभेंत लंगडा पडतो, आणि ज्या पंचायतीस स्वतःचें उत्पन्न नाहीं ती अनुदानासाठीं वरच पाहत राहते. चौथी, सभेस जातांना एकटे जाऊं नये. घरांतील स्त्रियांस, शेजारच्या भूमिहीनास व टोंकाकडील वस्तीच्या माणसास बरोबर न्यावें. स्त्रियांची वेगळी सभा आधीं घेण्याचा नियम आहे. ती खरोखर होते कीं नाहीं तेंही पाहावें. जमीनदार शेतकऱ्यास हें चौथें काम अवघड वाटेल, कारण नवीन माणसें आलीं म्हणजे आपल्यासही प्रश्न विचारले जातात. पण फडांत पंचाचा तुकडाही कोरडा राहत असे, म्हणूनच त्याचा शब्द चाले, हें लक्षांत ठेवावें.

वरून येणारी सत्ता कमी आहे, अशी तक्रार करण्याचा आपणांस हक्क आहे, व ती तक्रार आपण करीतच राहावी. परंतु जी आली आहे तिचा हिशेब आपण मागितला नाहीं, तर अधिक मागण्यास तोंड राहणार नाहीं. शेतकरी पाटाचें बारें उघडून घरीं निजावयास जात नाहीं. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलें हें पाहूनच तो खांद्यावर फावडें टाकतो. तीच सवय ग्रामपंचायतीच्या वहीस लावावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.